लिफ्टमधला घोडा

माझी मावशी औषधांच्या खोक्यातले कागद वाचते. गोळ्यांच्या पाकिटाला गुंडाळलेला, बारीक अक्षरांचा, सतरा घड्या घातलेला एक कागद असतो ना, जो आपण न वाचता फेकून देतो, तोच. तो छापण्याआधी कुणीतरी अक्षरन् अक्षर वाचलेला असतो. गेली अठ्ठावीस वर्षं एका छापखान्यात हे 'कुणीतरी' म्हणजे माझी मावशी. दिवसभर 'मळमळ, चक्कर, क्वचित अंगावर पुरळ' असलं वाचून ही बाई घरी येऊन चवीनं जेवते कशी, याचं माझ्या आईला अजून नवल वाटतं.

छापखान्यात तिला सगळे वेलांटीताई म्हणतात. एका चुकलेल्या वेलांटीसाठी तिनं एकदा चालू मशीन थांबवायला लावलं होतं. ते मशीन चालवणारे मशीनमामा तेव्हा इतके चिडले की आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. मग बोलायला लागले, ते आजतागायत थांबलेले नाहीत.

गेल्या वर्षी माझा घोटा मोडला. मी जिन्यावरून पडले असं सगळ्यांना सांगते. खरं तर मी सपाट जमिनीवर चालत होते. आमचं घर चौथ्या मजल्यावर, मावशीचं तळमजल्यावर, म्हणून प्लास्टर निघेपर्यंत मी तिच्याकडे राहायला गेले. आणि माझ्याबरोबर माझा रविवारचा खेळही तिच्या घरी राहायला गेला.

खेळ म्हणजे गोष्टीचा खेळ. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सुरू करायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि पात्र बोलेल तसं बोलायचं. पुढं काय होणार हे कुणालाच ठाऊक नसतं. अगदीच पेच पडला तर फासा टाकायचा. त्या रविवारी आम्ही एका डोंगरी किल्ल्यावर अडकलो होतो. माझी मैत्रीण किल्ल्याचा शिपाई झाली होती आणि शत्रूचं गुप्त पत्र मोठ्यानं वाचत होती.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "तो वाचेल कसा?"

आम्ही सगळे वळलो. मावशी हातात झारा घेऊन दारात उभी.

"मघाशी तूच म्हणालीस ना, त्याला लिहिता-वाचता येत नाही? मग आता तो पत्र कसा वाचतोय? की पाच मिनिटांत शिकला?"

मैत्रीण गडबडली. मग म्हणाली, "काकू, तो वाचायचं नाटक करतोय. मनाला येईल ते बोलतोय."

मावशीनं झारा खाली केला. तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, जे मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "अगंबाई," ती म्हणाली, "म्हणजे पत्रात खरं काय आहे ते अजून कुणालाच माहीत नाही!"

तिनं गॅस बंद केला आणि खुर्ची ओढली. त्यानंतरचे अडीच तास ती किल्ल्याची आचारीण होती. तिनं शत्रूच्या सेनापतीला फक्त प्रश्न विचारून विचारून रडवलं. शेवटी हसता हसता तिला उचकी लागली आणि आम्हाला सगळ्यांना बिस्किटांवर भागवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं माझं नियमांचं पुस्तक ऑफिसला नेलं. चार दिवसांनी परत आणलं, तेव्हा ते लाल शाईनं न्हालं होतं.

"तीनशे अकरा चुका," ती म्हणाली. "पण ते सोड. मला एक सांग, हे दोनशे चाळीस पानांचं कशाला? माणसाचा जीव जाऊ शकेल असलं औषध आम्ही एका कागदावर समजावतो. मग चार माणसांनी गप्पा मारायला एवढा ग्रंथ?"

"मग तू लिही की एका कागदावर!" मी चेष्टेनं म्हणाले.

चेष्टा तिच्यापर्यंत पोचलीच नाही. ती आधीच कागद शोधायला गेली होती.

तिनं खेळ रचला तो असा. चार अनोळखी माणसं एका इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकली आहेत, चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये. प्रत्येकाला सातव्या मजल्यावर काहीतरी महत्त्वाचं काम आहे. ती एकमेकांना प्रश्न विचारतात. खरं उत्तर दिलं तर लिफ्ट हातभर वर सरकते, खोटं दिलं तर हातभर खाली. सगळे नियम एका कागदावर, आणि मथळे औषधाच्या कागदासारखेच: खेळण्यापूर्वी, मात्रा, कोणी खेळू नये, दुष्परिणाम. दुष्परिणामांत लिहिलं होतं, 'क्वचित डोळ्यांत पाणी. शेजारच्याविषयी आपुलकी, दोन-तीन दिवस टिकू शकते.'

पहिल्या चाचणीला आम्ही चौघं बसलो: मावशी, मी, मशीनमामा आणि मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका. काका वजनकाटे तपासणारे सरकारी निरीक्षक. बोलणं मोजूनमापून, तेही शक्यतो वजनात कमीच. मावशीनं खेळ सुरू केला, "लिफ्ट थांबली आहे. दिवा फडफडतोय. तुम्ही काय करता?"

"धोक्याची घंटा वाजवतो," काका म्हणाले.

"आणि?"

"आणि काय? माणूस येतो. दार उघडतो. मी जिन्यानं जातो."

खेळ चार मिनिटांत संपला.

"अहो, घंटा का वाजवलीत?"

"लिफ्ट अडकल्यावर घंटाच वाजवतात."

मावशीनं कागदावर लिहिलं, 'घंटा बिघडलेली आहे.' असे सात रविवार गेले. दुसऱ्या वेळी काकांनी छताची झडप उघडली, तिसऱ्या वेळी खिशातून फोन काढला. दर वेळी एक नवा नियम यायचा आणि जुने दोन कापले जायचे. मशीनमामा तर खोटं एवढं बोलायचे की लिफ्ट तळघरात जाऊन पोचायची. "मला वाटलं जो खाली जाईल तो जिंकतो," ते म्हणाले, आणि तेही खोटं होतं.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. खरं बोलायची वेळ आली की माणसं गप्प व्हायची, पात्राच्या तोंडूनसुद्धा. म्हणून मावशीनं प्रत्येकाला शिवणाच्या डब्यातली पाच बटणं दिली आणि त्यांचं नाव ठेवलं धीर. एक खरं उत्तर दिलं की एक बटण खर्च. बटणं संपली तर काय, हे तिला अगदी शेवटी सुचलं. कागद पूर्ण तयार झाल्यावर, चौदा वेळा वाचून झाल्यावर, तिनं समासात लाल पेन्सिलीनं एक ओळ लिहिली आणि मला टाइप करायला दिली. मी केली. तिनं वाचली, "ठीक," म्हणाली, आणि मी खेळ इंटरनेटवर चढवला, जिथं लोक स्वतः रचलेले खेळ एकमेकांना फुकट देतात. खाली लिहिलं: कुणीही छापावा, खेळावा, वाटावा, बदलावा.

"बदलावा?" मावशी दचकली. "म्हणजे कुणीही येऊन माझ्या वेलांट्यांना हात लावणार?"

"वेलांट्यांना कशाला कोण हात लावतंय, मावशी."

अकरा दिवस तीनच जणांनी खेळ उतरवून घेतला. एक मी, एक मशीनमामा. तिसरे काका होते, पण ते त्यांनी बऱ्याच उशिरा कबूल केलं.

पंधराव्या दिवशी एका अनोळखी ग्रंथपाल बाईंचा निरोप आला. मी तो जेवायच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवला. 'आम्ही वाचनालयात सहा जण खेळलो. फार मजा आली. घोड्याची कल्पना तर अफाट! शेवटी आमच्या लिफ्टमध्ये चार घोडे झाले. एकच शंका आहे: घोड्याला प्रश्न विचारला तर त्यानं खरं बोलायचं का?'

"कसला घोडा?" मावशीनं विचारलं.

"तुझाच," मी म्हणाले. "शेवटच्या नियमातला."

"माझ्या खेळात घोडा नाही."

मी कागद आणला. तिनं चष्मा लावला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं: 'धीर संपल्यास शेजारच्याकडे घोडा मागावा. त्याने नाही म्हणू नये.'

काकांचा घास हातातच राहिला.

"थोडा," मावशी अगदी हळू म्हणाली. "थोडा मागावा. धीर थोडा! मी थ काढला होता, थ!"

"मला घ वाटला," मी म्हणाले.

"आणि लिफ्टमध्ये घोडा कुठून येईल, असा प्रश्न तुला पडला नाही?"

"पडला. पण मला वाटलं, मावशीला सुचलं असेल काहीतरी."

तिनं स्वतः ती ओळ वाचली होती, पण मनातली वाचली होती, कागदावरची नाही. अठ्ठावीस वर्षांत तिच्या हातून एकही चूक सुटलेली नव्हती, आणि सुटली ती चार पायांची सुटली. ती उठून आतल्या खोलीत गेली. मी लंगडत मागं गेले. ती पलंगाच्या कडेला पाठमोरी बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मी घाबरून तिच्या पाठीवर हात ठेवला. ती वळली, तर हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"चार घोडे!" तिला धड बोलताही येईना. "अगं, चार घोडे आणि सहा माणसं... त्या लिफ्टवर वजनाची पाटी तरी असेल ना..."

"पाचशे किलो," बाहेरून काकांचा आवाज आला. "एका घोड्यातच संपतं."

हसू ओसरल्यावर मात्र तिच्यातली वेलांटीताई जागी झाली. औषधाच्या कागदात चूक सापडली तर सगळी खोकी परत मागवतात. तिनं शुद्धिपत्र लिहून काढलं: 'घोडा' ऐवजी 'थोडा' असे वाचावे, तसदीबद्दल क्षमस्व. तीन दिवस ते तपासून झाल्यावर मी चढवायला बसले, तर तोवर आणखी नऊ निरोप आले होते. कुणी लिफ्टमधल्या घोड्याचं चित्र काढलं होतं. त्याचं शेपूट दारात अडकलं होतं. कुणी वीस घोड्यांची यादीच करून वाटली होती, फासा टाकून निवडायला: आरशाला घाबरणारा घोडा, मजल्यांची बटणं चाटणारा घोडा, आपण घोडा आहोत हे ठाऊक नसलेला घोडा. कुणी सगळा खेळ भलत्याच भाषेत नेला होता. ती भाषा आम्हा कुणालाच वाचता येत नव्हती, पण मधोमध घोड्याचा ठसा होता.

मावशीनं यादीवर शेवटपर्यंत बोट फिरवलं. शेवटी म्हणाली, "शुद्धिपत्र थांबव. आधी खेळून बघू."

त्या रविवारी आईही आली. काका झाले होते पियानो उचलणारे हमाल. त्यांची बटणं भराभर संपली, कारण त्यांना खोटं बोलता येतच नाही. आईनं विचारलं, "तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचे पियानो वाहिलेत. तुम्हाला कधी वाजवावासा वाटला?"

काकांनी समोरच्या, बटणांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग मशीनमामांकडे वळून, वजनकाटा तपासताना असतो तसल्याच चेहऱ्यानं म्हणाले, "मला एक घोडा द्या."

"कसला देऊ?" मामांनी विचारलं.

"तपकिरी. कपाळावर पांढरा ठिपका. तो सातव्या मजल्यावर राहतो."

"घोडा? सातव्या मजल्यावर?"

"भाड्यानं," काका म्हणाले.

मामा खुर्चीवरून घसरले. आईनं पदरात तोंड लपवलं. काका मात्र त्या नसलेल्या घोड्याच्या मानेवरून हात फिरवत सांगत होते की हो, वाटतं, रोज वाटतं. जिन्यात पियानो टेकवून दम खातो तेव्हा एकच पट्टी दाबून बघतो, अगदी हळू, मालकाला ऐकू जाणार नाही अशी. त्या एका घोड्याच्या जोरावर ते सहा मिनिटं बोलले. आमच्या घरात हा विक्रम आहे.

मावशीनं पेन्सिल खाली ठेवली. "बघ," ती मला म्हणाली, "थोडा धीर द्या, असं म्हणायला माणूस लाजतो. घोडा द्या म्हणायला लाजत नाही."

तिनं शुद्धिपत्राचे चार तुकडे केले. ग्रंथपाल बाईंना उत्तर तिनं स्वतः लिहिलं: 'घोडा नेहमी खरंच बोलतो, पण त्याला कुणी विचारत नाही.' आणि दुसऱ्या आवृत्तीत श्रेयनामावलीत माझं नाव घातलं: घोडा, भाचीकडून.

त्यानंतर तिनं आणखी पाच खेळ रचून वाटले. मागच्या महिन्यात ग्रंथपाल बाईंनी त्यांच्या वाचनालयात खेळ रचणाऱ्यांचा मेळावा भरवला आणि मावशीला आग्रहानं बोलावलं. मोठं दालन, बारा टेबलं, प्रत्येकावर कुणाचा तरी खेळ. मावशीनं नवे कपडे घातले होते आणि गाडीत ती आपलाच कागद पुन्हा पुन्हा तपासत होती. आत मात्र तिच्या टेबलावर रांग लागली. दुपारपर्यंत तिचा घसा बसला. मग तिनं आपलं टेबल माझ्यावर सोपवलं आणि समोरच्या टेबलावर जाऊन बसली. तिथं एका शिंप्यानं बुडत्या जहाजावरच्या वाद्यवृंदाचा खेळ आणला होता.

पाच वाजता काका गाडीची किल्ली हातात खेळवत आत आले. मावशी नगारा वाजवत होती. टेबलच नगारा होतं.

"निघू या?" काकांनी विचारलं. "दार बंद करताहेत."

"अहो, बसा इथं आधी," ती बसलेल्या आवाजात म्हणाली. "आम्हाला एक माणूस कमी पडतोय."

"मी कोण?"

"जहाजाचे कप्तान. जहाज बुडतंय आणि तुम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही."

काकांनी किल्ली खिशात टाकली आणि खुर्ची ओढली. "मग सांगू नका," ते म्हणाले. "काय सुरेख संध्याकाळ आहे! जरा मोठ्यानं वाजवा."