अप्पांची बंदूक आणि माझा अर्ज

आई गेली त्या वर्षी अप्पांनी घरातली जुनी शिकारीची बंदूक राखणीला लावायची ठरवली, आणि मी दुबईत बसून ती त्यांच्या हातातून काढून घेतली. माझ्या वडिलांशी मी आयुष्यात एवढी वाईट कधी वागले नव्हते.

अल क्वोजला माझं डब्यांचं किचन आहे. दुपारचे डबे बाहेर पडले की मी कोकणात अप्पांना व्हिडिओ कॉल लावायची. एकदा लावला तर पडद्यावर अप्पा नाहीत, बंदूक! आजोबांची दुनळी, रानडुकरांसाठी परवाना काढलेली. शेजारच्या वाडीत चोरी झाली होती आणि एकटी म्हातारी माणसं हेरून ठेवतात म्हणे.

"बाय, ही फार लांब आहे गो. माजघरातून बाहेर काढताना दारात अडकते. नळी जरा आखूड करून घेतो."

"डोकं ठिकाणावर आहे का, अप्पा? नळी कापलीत तर चोराच्या आधी तुम्हालाच आत टाकतील!" मी एवढी ओरडले की पोळ्या करणारी बाई लाटणं हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

नळी वाचली. पण मग रोज काहीतरी नवीन. खांदा उतरलाय म्हणून सुताराकडून दस्ता थोडा कमी करून घेतला. धक्का बसू नये म्हणून मागे जुन्या सपातेचं रबर ठोकलं. नळीखाली टॉर्च बांधली, तीही आईच्या परकराच्या नाडीने. फोन खिडकीत उभा करून मला तालीम दाखवायचे, पलंगापासून दारापर्यंत पावलं मोजत. हात थरथरायचा, टॉर्चचा उजेड भिंतीवर नाचायचा. मला हसू यायला हवं होतं, पण यायचं नाही.

सिलिकॉन ओएसिसच्या घरी माझी लेक एकदा मागून डोकावली. "मम्मा, इज आजोबा स्केअर्ड?"

"चल, यल्ला, होमवर्क कर," म्हटलं. दुसरं काय सांगणार?

खरं सांगायचं तर चोरांची धास्ती मला नव्हतीच. आईच्या तेराव्याला अप्पा बोलून गेले होते, "आता मी कशाला उरलोय?" त्या माणसाच्या उशाशी भरलेली बंदूक! हे मी कुणालाच बोलले नाही, नवऱ्यालाही नाही. अप्पांना विचारायची तर हिंमतच झाली नाही.

तेवढ्यात गावाकडे निवडणूक लागली. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. अप्पा मुकाट्याने देऊन आले. मी संधी साधली. इथे इतकी वर्षं राहून मला एकच विद्या आलीय, अर्ज करायची. व्हिसाला अर्ज, घराला अर्ज, किचनच्या परवान्याला अर्ज. अर्ज केला की काम खलास. तसाच एक केला, चुलतभावाकरवी योग्य त्या कचेरीत पोचवला. वय झालंय, एकटे राहतात, हात थरथरतो, मन स्थिर नाही, तरी शस्त्र परत देऊ नये. खाली माझी सही, नातं मुलगी.

निवडणुकीचा निकाल लागल्यावर अप्पा इस्त्रीचा सदरा घालून बंदूक आणायला गेले. तिथे आपापल्या बंदुका न्यायला आलेली गावातली चार माणसं उभी होती. त्यांच्यादेखत हवालदाराने माझा अर्ज मोठ्याने वाचून दाखवला.

त्या दिवशी फोन त्यांनीच केला. "बाय, मन स्थिर नाही असं लिहिलंस?"

मी फोन घेऊन किचनच्या मागच्या दाराबाहेर गेले.

"मी स्वतःवर चालवीन असं वाटलं तुला?" आणि पुढे म्हणाले, "अगं, मग मलाच विचारायचंस ना. भीती वाटत होती म्हणून काढली होती मी ती. दुसरं काही नाही." आणि लगेच नातीच्या शाळेची चौकशी करायला लागले. चिडले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी पाय धरून मोकळी झाले असते.

त्यानंतर फोन चालूच राहिले. कसे आहात? उत्तम. जेवलात? जेवलो. झोप लागते? लागते. इकडे या म्हटलं की, बघू. सुताराचं, वाडीचं, गुडघ्याचं, काही म्हणजे काही सांगेनात. मीही म्हटलं, माणूस सावरला.

गेल्या मार्गशीर्षात चुलतभावाचा फोन आला, अप्पा गेले, आणि मी अंगावरच्या कपड्यांनिशी विमानात बसले. सगळे माझ्यासाठीच थांबले होते. क्रियाकर्म आटोपल्यावर चुलतभावाच्या बायकोने मला बाजूला घेतलं. अप्पांच्या छातीत चार दिवस दुखत होतं म्हणाली, घाम फुटायचा.

"अगं, मग मला कळवायचं नाही?" मी तिच्यावरच खेकसले.

ती रडायला लागली. "फोन हातात घेतला होता हो, वन्सं. अप्पांनीच काढून घेतला. म्हणाले, तिला नको सांगू. ती लगेच कुठेतरी अर्ज करील."