येताना थांबू

आमच्या ह्यांचा अख्खा स्वभाव दोन शब्दांत सांगते: "येताना थांबू!"

लॉस एंजेलिसहून फिनिक्सला, आमच्या लेकीकडे, सावनीकडे, वाळवंटातल्या या हायवेवरून वर्षानुवर्षं ये-जा करतोय. वाटेत ते सिमेंटचे अजस्र डायनोसॉर आहेत, खजुराचा मिल्कशेक मिळणारं दुकान आहे, रणगाड्यांचं म्युझियम आहे. सगळं पाहिलंय मी, पळत्या गाडीच्या खिडकीतून! जाताना म्हणणार, "येताना थांबू." येताना म्हणणार, "अंधार पडायच्या आत घर गाठू." भूक लागली तर डब्यातले धपाटे खायचे, तेही चालत्या गाडीत. इंजिनिअरसाहेब रिटायर झाले, त्यांची घाई काही रिटायर झाली नाही.

मागच्या महिन्यात लॉस एंजेलिसचं घर विकलं. सामान ट्रकनं पुढे गेलं आणि आम्ही कायमचे लेकीकडे राहायला निघालो. लांबून डायनोसॉर दिसले.

"अहो, आज तरी थांबवा गाडी."

"येताना थांबू गं."

"येताना? आता कुठलं येणं, अहो?"

बऱ्याच वेळानं ह्यांनी उजवीकडचा सिग्नल दिला. डायनोसॉरकडे वळायचा एक्झिट केव्हाच मागे पडला होता.