चेन्नईला, लेकीची शर्यत बघायला

चेन्नईला गेले ती समुद्रासाठी नाही. आमच्या सायलीला एका टीमने पुढच्या पूर्ण मोसमासाठी शर्यतीची गाडी देऊ केली होती, आणि त्यापायी ती हिंजवडीतली चांगली चाललेली नोकरी सोडायला निघाली होती. "नाही म्हणायच्या आधी एकदा येऊन बघ," म्हणाली. म्हटलं, बघते, आणि तिथेच समोर बसवून समजावते. तिच्या वडिलांनी गुडघ्याचं कारण सांगून अंग काढून घेतलं. काय बोलायचं ते सोलापूर येईपर्यंत माझं पाठ झालं होतं.

पुण्याहून गाडीत एक रात्र जाते. थर्ड एसी घ्या आणि जेवण घरून न्या. माझ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या दुपारपर्यंत छान टिकली. चेन्नई सेंट्रलबाहेर रिक्षावाला सांगेल त्याच्या निम्मं म्हणावं, असं वाचलं होतं. मी निम्म्याच्याही निम्मं म्हटलं.

"अम्मा, आप पैदल जाओ," तो म्हणाला. पुण्यातल्या रिक्षावाल्यांची सवय असल्यामुळे मला वाईट वाटलं नाही.

लॉज ट्रिप्लिकेनमध्ये घ्या. साधे असतात, पण मरीनाचा किनारा चालत गाठता येतो. वाळू इतकी रुंद आहे की पाण्यापर्यंत पोचेस्तोवर पाय बोलायला लागतात. पाण्यात उतरू नका, ओढ फार आहे. त्यापेक्षा काठावर बसून सुंडल खा. उकडलेले हरभरे, ओलं खोबरं, कैरीचे तुकडे. मी दोन पुड्या संपवल्या आणि भाषणाची उजळणी केली.

रविवारी ट्रॅकवर. तो शहराबाहेर, बंगळुरूच्या रस्त्यावर तासाभरावर आहे. बसने जाता येतं, पण ऊन बघता टॅक्सी करा. तिकीट आपल्या नाटकापेक्षा स्वस्त. टोपी, पाणी आणि कानात घालायला कापूस विसरू नका.

शेजारी कोल्हापूरचे एक गृहस्थ बसले होते, भाच्याला बघायला आलेले. "तुमचं पोरगं कुठलं?"

"पोरगी आहे. लाल गाडी."

"मग पोटात गोळा आला असंल."

"मी लक्ष्मी रोडवर स्कूटर चालवते," मी म्हटलं.

गाड्या सुटल्या आणि माझं सगळं शहाणपण गेलं. आवाज कानातून नाही, छातीतून जातो. दुसऱ्याच फेरीत, सरळ पट्टा संपतो तिथे, बाकीच्या गाड्या वळल्या आणि लाल गाडी सरळच जाऊन, गरकन फिरून खडीत रुतली. धूळ उडाली. आत काही हलेना. मला भीती वाटली, इतकी की मी त्या अनोळखी माणसाची बाही घट्ट धरून ठेवली होती, हे मला नंतर कळलं. मग आतून एक हात वर आला आणि सायली आपली आपण बाहेर पडली.

शर्यत संपल्यावर मी टीमच्या शेडकडे निघाले. वाटलं, रडत असेल, म्हणजे समजवायला वेळ बरी आहे. बघते तर ही एका टायरवर बसून मेकॅनिकशी हातवारे करत कडाकडा भांडत होती, आणि मधेच हसत होती. ऑफिसातून घरी आल्यावर हीच मुलगी 'हं' आणि 'नको' एवढ्यावर अख्खी संध्याकाळ काढते.

"आई, घाबरलीस?"

"हो."

"बोल आता. काय बोलायचंय ते."

"आधी पाणी पी. आणि मला सांग, सगळे वळले तिथे तू सरळ का गेलीस?"

तिने धुळीत बोटाने वळण काढून दाखवलं. निम्मं मला कळलं नाही, पण तिला थांबवावंसं वाटलं नाही. भाषण तसंच परत आणलं.

ती दोन दिवस मागे राहिली. घरी दार उघडताच ह्यांनी विचारलं, "समजावलंस?"

"समजावलं."

"काय म्हणालीस?"

"ब्रेक उशिरा लावलास, म्हटलं."

मग मी त्यांना खडीत गेलेल्या गाडीचंही सांगितलं, काही न लपवता. भीती अजून आहे, आणि ती जाणार नाही हे मला कळतं. पण माझी बोलकी मुलगी मला कित्येक वर्षांनी त्या शेडमध्ये सापडली. मी सायलीला फोन लावला आणि म्हटलं, राजीनामा सोमवारी सकाळी दे. शुक्रवारी दिलेला कागद कोणी वाचत नाही.