टाळ्या नसलेल्या टेपा

आमच्या भावजींना गावात कुणी कधी नावाने हाक मारली नाही. ते माइकवाले. ताईचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या वडिलांनीसुद्धा घरी येऊन असंच सांगितलं होतं, "मुलगा सभागृहात माइकवाला आहे, निर्व्यसनी आहे, बोलतो कमी." शेवटची गोष्ट आमच्या घरात मोठा गुण समजली गेली, कारण आम्ही बाकी सगळे तोंडाने फटकळ. ताई तशीच, आणि माझं तर विचारूच नका. आयुष्यभर शाळेत पोरांवर ओरडून माझा आवाज अजूनही दोन गल्ल्यांपलीकडे जातो. शाळा सुटली, पण 'बाई' हे नाव सुटलं नाही.

ते सभागृह आता नाही. कारखान्यातल्या लोकांनी हौसेने बांधलेलं होतं. मग कारखाना बंद पडला, कामगारांच्या पोरांनी दुसरी शहरं धरली आणि गाणं ऐकायला पुढच्या दोन रांगासुद्धा भरेनात. तरी काही वर्षं रेटलं, शेवटी विकलं. तिथे हल्ली फर्निचरचं चकाचक दुकान आहे. जिथे मोठमोठे गवई डोळे मिटून गायचे तिथे डबल बेड मांडलेत. मी एकदा मुद्दाम आत जाऊन एका गादीवर टेकले, तर तिथला विक्रेता म्हणाला, "मॅडम, झोपून बघा ना." मी म्हटलं, "बाबा रे, इथे मी एकदाच गाणं ऐकायला आले होते, तेव्हाही झोपलेच होते." त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. सांगणार तरी कुणाला? ज्यांना कळलं असतं त्यातले निम्मे गेले आणि उरलेले मुलांकडे राहायला गेले.

भावजींची खोली सभागृहाच्या डाव्या भिंतीत, वर होती. पुढे काच, आत अंधार, टेपची दोन मोठी मशीनं आणि आवाजावर हलणारे काटे. प्रत्येक मैफल टेप करून जपून ठेवायची असा समितीचा नियम होता आणि भावजी ते काम जीव ओतून करायचे. त्यांना एकच गोष्ट खपायची नाही, ऐकणाऱ्यांचा आवाज. कुणी खोकलं तर मध्यंतरात खाली येऊन त्या माणसाच्या हातावर खोकल्याची गोळी ठेवायचे. एक शब्द न बोलता. पुढच्या वेळी तो माणूस मेला तरी खोकत नसे. शेवटचा सूर विरला की टाळ्या पडायच्या आत यांचं बोट बटणावर. खट्. त्यांच्या टेपा इतक्या स्वच्छ, की बाहेरगावचे लोक मुद्दाम ऐकायला यायचे. "टाळ्या काय जपायच्या?" भावजी म्हणायचे. "टाळ्या सगळ्यांच्या सारख्याच."

ताई प्रत्येक मैफलीला जायची. शेवटच्या रांगेत, उजव्या कडेच्या खुर्चीवर बसायची. "आमच्या घरात गाण्याचं खरं वेड हिला," असं भावजी चारचौघांत सांगायचे. मूलबाळ त्यांना झालं नाही. घरात ती दोघंच, आणि त्यातलं बोलणारं माणूस एकच.

सभागृह विकलं त्याच्या पुढच्या वर्षी ताई गेली. तापाचं निमित्त झालं आणि हां हां म्हणता खेळ आटोपला. तेव्हा खिशाखिशात फोन आलेले नव्हते. ताईचे फोटो आहेत, लग्नातला, सहलीतला, शेजारणीच्या मुलीच्या वाढदिवसाचा. सगळ्या फोटोंत तिचं तोंड उघडं आहे, म्हणजे काहीतरी बोलत असणार.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. मी जवळच राहते, एकटीच. संध्याकाळी डबा घेऊन भावजींकडे जाते, दोघं जेवतो. मी बोलते, ते जेवतात. असं चाललं होतं. मग मागच्या वर्षी त्यांचे कान दगा द्यायला लागले. दारावरची बेल ऐकू येईना, तेव्हा मीच त्यांना धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की आधी बारीक आवाज जातात, पाखरांचे, पोरांचे, बायकांचे. यंत्र लावलं तर आवाज मोठा होईल, पण पूर्वीसारखा व्हायचा नाही.

घराशी आल्यावर भावजी कुलूप काढता काढता म्हणाले, "तुझ्या ताईचा आवाज कसा होता गं?"

"कसा म्हणजे?"

"आठवत नाही मला. चेहरा दिसतो, ओठ हलताना दिसतात. आवाज येत नाही."

आवाज काय सांगून कळतो? थोडा घोगरा होता, म्हटलं. वाक्याच्या शेवटी वर जायचा. भावजींनी मान हलवली, पण त्यांना काही सापडलं नाही हे मला दिसत होतं.

"कुठेतरी असेल," ते म्हणाले. "इतक्या मैफलींना बसली ती. कुठेतरी शेजारणीशी बोलली असेल, हसली असेल. कान आहेत तोवर मला एकदा ऐकायचंय."

सभागृह विकताना समितीने टेपा भावजींच्याच गळ्यात मारल्या होत्या. मागची अख्खी खोली छतापर्यंत त्यांनी भरलेली. भावजींनी जुनं मशीन पुसून काढलं आणि आम्ही ऐकायला बसलो. मला बसावंच लागलं, कारण त्यांच्या कानांतून निसटलं तर माझे कान हवेत. आता माझं आणि गाण्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकेक गाणं तासभर चालायचं, मी जांभया गिळत बसायची. पण गाणं संपत आलं की आम्ही दोघंही पुढे वाकायचो. शेवटचा सूर यायचा, लांबायचा, बारीक व्हायचा. आणि खट्. पुढे कोरी फीत.

दुसरी टेप लावायची. तेच. तिसरी. तेच. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मैफलीच्या मधे कुणी पाणी प्यायलेलं ऐकू आलं नाही, कुणाची खुर्ची करकरली नाही. दरम्यान भावजी मशीनचा आवाज दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत होते. शेजाऱ्यांच्या लक्षात आलं, माझ्या आलं, त्यांना मात्र वाटत होतं की टेपाच जुन्या झाल्यात.

एक दिवस माझा संयम सुटला. "भावजी, माणसाने इतकं स्वच्छ कशाला असावं? थोडी धूळ राहू द्यायची की!"

ते बराच वेळ टेप गुंडाळत बसले. मग म्हणाले, "चांगलं काम केलं गं मी." आणि हे ते इतक्या पडेल आवाजात म्हणाले, की मला माझ्याच जिभेचा राग आला. काम चांगलं केलं होतं, खोटं कशाला बोलू. गावातली सगळी माणसं त्या खुर्च्यांवर बसून गेली आणि त्यातलं एकही टेपवर शिल्लक नव्हतं. त्या दिवसापासून मला त्या घरातून निघवत नसे. मी निघाले की मागे ते एकटे, मशीन एकटं, आणि माझ्या घरी मी एकटी.

शेवटची काही खोकी राहिली असतील तेव्हाची गोष्ट. माझ्या पिशवीची चेन तुटली म्हणून मी बाजारात शिंप्याकडे गेले. सभागृहाचे मखमली पडदे यानेच शिवलेले. आता त्याच्याकडे कापड घेऊन कुणी येत नाही, तयार पँटी आखूड करायला तेवढ्या येतात. "बाई, सगळं गाव माझ्याकडे पाय कापून घ्यायला येतं," तो म्हणाला. मी बसल्या बसल्या त्याला टेपांचं सांगितलं. मी सगळ्यांना सगळंच सांगते.

त्याने शिलाई मशीन थांबवलं. दाराबाहेर डोकावून आला.

"माइकवाल्यांना सांगणार नाही ना?"

"काय?"

"मी टेप करायचो. चोरून. लहान टेपरेकॉर्डर होता, तो पिशवीत घालून न्यायचो."

आता सभागृहात टेपरेकॉर्डर आणायला सक्त मनाई होती. गाणं सुरू व्हायच्या आधी भावजी स्वतः खाली उतरून रांगारांगांतून फिरायचे आणि एकदा त्यांनी एका बड्या डॉक्टरलाही बाहेर काढलं होतं. मग हा कसा सुटला?

"वहिनींमुळे," शिंपी म्हणाला. "मी त्यांच्या शेजारी बसायचो. माइकवाले येताना दिसले की त्या माझी पिशवी आपल्या मांडीवर घ्यायच्या. बायकोची पिशवी कोण तपासणार?"

मला तिथेच हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. माझी ताई! घरी मला हे कधी बोलली नव्हती.

शिंप्याकडच्या बहुतेक कॅसेटी ओलीने गेल्या होत्या. एक धड निघाली. "तुम्हीच घेऊन जा, बाई," तो म्हणाला. "मी नाही येत. मारतील मला." मी त्याचा टेपरेकॉर्डरही उचलला आणि तडक भावजींकडे गेले. काही न लपवता सगळं सांगून टाकलं, पिशवीसकट. मला वाटलं चिडतील. ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "लाव."

रेकॉर्डिंग कसलं ते! गवई विहिरीतून गातोय असं वाटत होतं. त्यावर पिशवीची खसखस, कुणाचं तरी शिंकणं, खुर्च्यांची करकर, एका गाण्यानंतर तर इतक्या टाळ्या की टेपरेकॉर्डर थरथरला. भावजींनी सवयीने कपाळाला आठी घातली. मग टाळ्या ओसरल्या आणि अगदी जवळून शिंप्याचा तरुणपणचा आवाज आला.

"वहिनी, तुम्हाला गाण्याची भारीच हौस."

"कसली हौस!" ताई म्हणाली. माझी ताई, घोगरी, वाक्याच्या शेवटी वर जाणारी. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मग एवढ्या प्रत्येक वेळी येता कशाला?"

"घरी असून नसल्यासारखेच असतात हे. इथे वर तो लाल दिवा दिसतो ना, काचेवरचा? अंधारात हे दिसत नाहीत. पण दिवा लागला की वाटतं, आहेत. तेवढे दोन-तीन तास बरं वाटतं बघा." मग ती हसली. "गप्प बसा आता. सुरू झालं. नाहीतर गोळी मिळेल हातावर."

भावजींनी हात वर केला. मी थांबवलं. "परत," ते म्हणाले. मी परत लावलं. पुन्हा हात, पुन्हा परत. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

"तीच," ते म्हणाले. "तीच आहे. हो, आवाज असाच होता." मग माझ्याकडे वळले. "शब्द लागत नाहीत मला. आवाज येतो, शब्द नाही. काय म्हणते?"

मी घुटमळले. आयुष्यात पहिल्यांदा माझी जीभ अडली असेल. या म्हाताऱ्याला आता हे सांगून काय मिळणार, असं मनात आलं. "म्हणते," मी म्हटलं, "गाणं फार छान रंगलंय."

भावजींनी मान हलवली. "खोटं बोलू नकोस. गाण्यातलं काही कळायचं नाही तिला. मला माहीत होतं."

"माहीत होतं? आणि चारचौघांत वेड आहे म्हणून सांगत फिरायचात?"

"मग काय सांगू? ती कशाला येते ते मलाच ठाऊक नव्हतं."

"विचारायचं होतंत."

"राहिलं."

मग मी सांगितलं. त्यांच्या कानाशी वाकून, शाळेतल्या आवाजात सांगितलं, कारण हळू बोलून त्यांना ऐकू आलं नसतं. असली गोष्ट कुणाला ओरडून सांगायची वेळ येऊ नये. "ती दिवा बघत बसायची, भावजी! तुमच्या खोलीवरचा लाल दिवा! दिवा लागला की तुम्ही आहात असं वाटायचं तिला! त्यासाठी यायची!" शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

भावजी टेपरेकॉर्डरकडेच बघत होते. मला वाटलं शब्द पोचले नाहीत, म्हणून मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"तो दिवा मशीन चालू असलं की लागायचा," ते म्हणाले. "आत माणूस असो, नसो."

"म्हणजे?"

"लांब गाणं असलं की एकदा टेप लावून दिली, की मग वर काही काम नसायचं गं. मी मागच्या जिन्याने उतरून चहाला जायचो. सिगरेट ओढत बसायचो तिथेच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एखाद्या पोराने शाळेत माझ्याकडे पाहावं तसं. "पण टाळ्यांच्या आत परत यायचो. एकदाही चुकलो नाही."