बिराजदार सरांची मिठाची भट्टी

लग्न होऊन अकलूजहून सोलापुरात आले, तेव्हा वाटलं होतं, केमिस्ट्रीच्या डेमॉन्स्ट्रेटरच्या घरात गप्पा त्या कसल्या! पण यांच्या डब्यातून भाजी कधी परत येत नाही, किस्सा मात्र रोज येतो. बहुतेक सगळे यांच्या हेडचे, बिराजदार सरांचे.

*

सर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी धीर करून विचारलं, "सर, तुमचा पीएच.डी.चा विषय काय?"

"सूनबाई, अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन लोकांना कचरा वाटतं. त्यात कामाचं लई उरलेलं असतं. मीठ वितळवायचं, त्यात ते सोडायचं, वीज लावायची. कामाचा धातू कांडीवर येऊन बसतो!"

कॉलेजात युरेनियम कुठलं असायला! तिथं सराव दुसऱ्या, बिनधोक धातूवर.

"आणि बिनकामाचं?" मी विचारलं.

सर घास हातात धरून यांच्याकडे वळले. "अरे, वर्षभर माझ्याजवळ हाईस, हे तू कधी विचारलं न्हाईस की!"

*

वळसंगच्या शाळेत सरांचं व्याख्यान होतं. मागून एक म्हातारे उठले, "सायेब, एकदा जळाल्यालं परत जळतंय व्हय?"

"आजोबा, चुलीतले निखारे विझवून कोळसा ठेवता का न्हाई?"

"म्हातारी ठिवती की!"

"झालं तर! आमी आता शिकाय लागलोय, ते आजीला कवाच येतंय!"

*

या मिठाला पाण्याचं वावडं. जरा दमट झालं, की प्रयोग फुकट. लॅबचे नरसय्यामामा त्याचे राखणदार. एकदा प्रिन्सिपॉलसाहेब हात धुऊन तसेच आत निघाले. मामा दारात आडवे!

"हात वाळवून या, साहेब."

प्रिन्सिपॉल पाच मिनिटं व्हरांड्यात हात पसरून उभे! सगळं कॉलेज बघत होतं.

*

म्हणून प्रयोग नेमके मे महिन्यात. "कोरडी हवा! दुसरीकडं त्यासाठी मशिनं लागतात. सोलापूरचा उन्हाळा हीच आपली ग्रँट!" इति सर.

त्यात यंदा धोंड्याचा महिना. नवा जावई अकलूजला जेवायला जायचा सोडून भट्टीपुढं! बाबांचं पत्र आलं, "जावईबापू प्राध्यापक आहेत की आचारी?"

*

सरांची मुदत त्याच महिन्यात संपत होती. परीक्षकांनी डोळ्यांनी धातू पाहिला नाही, तर आठ वर्षांची पीएच.डी. बुडाली. परीक्षक मुंबईहून एकाच दिवसासाठी आले. कांडीवर आदल्या दिवशीचा पातळ थर होता, तो त्यांच्यासमोर वाढवून दाखवायचा होता.

दोन तासांनी कांडी वर काढली. वाढणं राहू दे, होता तो थरही गायब! कांडी नुसती चकचकीत.

परीक्षकांनी चष्मा काढला. "हे काय, बिराजदार?"

सरांनी तारांकडे एकदाच पाहिलं. "माझ्याकडून उलट्या जोडल्या गेल्या, साहेब. बसलेला धातू परत मिठात गेला." आणि स्वतःच्या हातानं तारा बदलल्या.

परीक्षकांची गाडी संध्याकाळची. तीन तास ते घड्याळ बघत बसले, म्हणे. मग कांडी वर आली, तर करडा, खडबडीत थर, चांगला नखाएवढा जाड! परीक्षकांनी तो भिंगातून बघितला, आणि सही केली.

निघताना म्हणाले, "पण बिराजदार, आठ वर्षं हेच करताय, आणि तारा उलट्या?"

सर हसले. "वय झालं की, साहेब."

डिपार्टमेंटभर पेढे वाटले. हे मात्र घरी आले ते ताटावर नुसते बसून राहिले. पेढ्यालाही हात लावला नाही.

मग ताट सारून स्वतःच म्हणाले, "तारा मी जोडल्या होत्या."