न उलटलेलं दुसरं पान

ती दोन पानं मला अजून तोंडपाठ आहेत. पहिल्यावर माझी सही आहे. दुसरं मी तेव्हा उलटलंच नव्हतं.

मी वयाने निवृत्त झालेले नाही. उपनिरीक्षक म्हणून सहा वर्षं काढली आणि राजीनामा दिला. ही केस शेवटच्या वर्षातली.

अंबरनाथच्या एका कारखान्यातून रविवारी दुपारी तांब्याच्या तारेची रिळं चोरीला गेली. कारखाना बंद होता, आत एकटा वॉचमन. बेलवलीचा, पन्नाशी उलटलेला माणूस. मालकाने त्याचंच नाव घेतलं आणि त्याला अटक झाली. चौकशीत तो एकच वाक्य बोलायचा, "मी गेट सोडलं नाही मॅडम, कॅमेरा बघा." रिळं मागच्या शेडमधून गेली होती. शेडवर कॅमेरा नव्हता, गेटवर होता. तो दुपारभर गेटवर दिसला असता, तर सुटला असता.

कारखान्यात जाऊन मी पाच मिनिटांचं चित्रण पाहिलं. खुर्चीवर बसून तो डबा खात होता. डब्याचं झाकण मांडीवर ठेवून त्यात पोळी मोडत होता. चोरीची नेमकी वेळ कुणालाच माहीत नव्हती, त्यामुळे सगळी दुपार तपासायला लागणार होती. रेकॉर्डर उचलून नेला तर कॅमेरे बंद पडतील, अशी कंपनीने गळ घातली. मोठे साहेब म्हणाले, "कोऱ्या डिस्कवर कॉपी घ्या, सील करा आणि प्रयोगशाळेत पाठवा." पंधरा दिवस झाले की तो रेकॉर्डर जुन्या चित्रणावर नवं लिहीत असे, म्हणून घाई होती.

हवालदारांनी उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारातून नवी हार्ड डिस्क आणली. सोबत दुकानदाराने डिस्कच्या तब्येतीच्या चाचणीचा अहवाल दिला होता, दोन पानं स्टेपल केलेली.

"मॅडम, सगळं इंग्रजीत आहे," हवालदार म्हणाले. "कॉन्व्हेंटचा पेपर आलाय, सोडवा."

ठाणे अंमलदारही हसले. माझ्या मराठीवर तिथे रोजच कुणीतरी हसायचं, त्यामुळे इंग्रजी ही माझी एकमेव हुकमी जागा होती. इंग्रजी शब्द मला कळत होते, अहवाल कळत नव्हता. तसं म्हणायचा धीर झाला नाही. वर ठळक अक्षरात 'पास' होतं. खाली प्रत्येक ओळीत शंभर, शंभर, शंभर. माझ्या प्रगतिपुस्तकात एवढे शंभर कधी आले नव्हते. मी 'तपासले, योग्य' असं लिहून सही केली. पंचांसमोर कॉपी झाली, लाखेचं सील लागलं, मुद्देमाल रवाना झाला.

वॉचमनची बायको रोज सकाळी ठाण्यातल्या बाकावर येऊन बसायची. "आलं का मॅडम कॅमेऱ्याचं?" एवढंच विचारायची. मी सांगायचे, "येईल. आता काळजी नको." त्या पाच मिनिटांच्या जोरावर सांगायचे.

दीड महिन्याने प्रयोगशाळेचं पत्र आलं. डिस्क वाचता येत नाही. कारखान्यातल्या रेकॉर्डरमधली ती दुपार तोवर कधीच पुसली गेली होती.

त्याच आठवड्यात हवालदारांना बाजारातून खबर आली. कॅम्प दोनमध्ये एक वयस्कर सिंधी काका कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. त्यांचं म्हणणं, त्या दुकानात भंगारातल्या सीसीटीव्हीच्या डिस्क येतात आणि नव्या होऊन जातात. मी फाइल घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अहवाल डोळ्यांजवळ धरला.

"सही किसकी है?"

"माझी."

"बेटा, हे शंभर मार्क नाहीत. कंपनीने ठरवलेल्या पट्टीवरचा आकडा आहे, तो पडायला फार वेळ लागतो. ओळीच्या शेवटी बघ. ही ओळ वाचायला अडणाऱ्या जागांची. समोर शंभर, शेवटी चोवीस. नव्या मालात इथे शून्य पाहिजे. आणि 'पास' म्हणजे काय, तर आजच्या दिवशी मेली नाही. बस." मग त्यांनी पान उलटलं आणि हसले. "लो साईं. पहिल्या पानावर डिस्क चाललीय चार तास. इथे मागे जुन्या चाचणीची नोंद आहे, एकतीस हजार तासांवर केलेली. चार तासांच्या बाळाची एकतीस हजाराव्या तासाला तपासणी कशी झाली?"

पुरावा माझ्याच फाइलमध्ये होता. स्टेपलच्या मागे, दीड महिना.

दुकानदाराला बोलावलं. तो आधी ऐटीत होता. "मॅडम, टेस्टेड माल दिया है. रिपोर्टपे आपकी साइन है ना?"

"आहे. आता मागचं पान वाचा."

त्याने वाचलं. बराच वेळ वाचत राहिला. मग पाणी मागितलं. हवालदार म्हणाले, "पी बाबा, पेपर अवघड आहे." तासाभरात त्याने सांगितलं की तासांचा आकडा तो एका प्रोग्रामने शून्यावर आणायचा. मागच्या नोंदी पुसल्या जात नाहीत हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पुरी चाचणी घ्यायला कित्येक तास लागतात, म्हणून तो दोन मिनिटांची छोटीच घ्यायचा. गोदामातून तशा डिस्कचे खोके निघाले. साहेबांनी शाबासकी दिली.

वॉचमनच्या कागदांत मात्र 'तांत्रिक बिघाड' एवढंच लिहायला सांगितलं. मी म्हटलं, "साहेब, मी त्याला गेटवर पाहिलंय." साहेब म्हणाले, "पाच मिनिटं. पाच मिनिटं म्हणजे दुपार नव्हे." मी 'तांत्रिक बिघाड' लिहिलं. रिळं कधी सापडली नाहीत. पुराव्याअभावी त्याचं प्रकरण मिटलं.

या केसने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी डिस्कबद्दल सांगते. वापरण्याआधी पुरी चाचणी घ्या, ओळीतला शेवटचा आकडा पाहा, मागच्या नोंदी वाचा. हे सांगणं सोपं आहे. 'मला हे वाचता येत नाही' हे एक वाक्य त्या दिवशी ठाण्यात म्हणायचं होतं. ते राहिलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली.

राजीनाम्याआधी मी बेलवलीला त्यांच्या घरी गेले. वॉचमन दारात बसला होता. सिक्युरिटीवाले केस होती का विचारतात, हो म्हटलं की परत बोलवत नाहीत, असं त्याने सांगितलं. चूक माझी होती, हे मी दोघांनाही सांगितलं. बायकोने आतून प्लास्टिकच्या पिशवीतला, केस मिटल्याचा कागद आणला.

"मॅडम, मला बारीक दिसत नाय. ह्यात निर्दोष कुठं लिवलंय तेवढं दाखवा. शेजारी दाखवायचाय."

मी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग उलटून पाहिला. मागे कोरं होतं.