आजींच्या आडनावाचं अक्षर

कोर्टाच्या संगणक कक्षाची प्रमुख म्हणून माझी नेमणूक तात्पुरती होती. ज्या गृहस्थांना प्रमुख व्हायचं होतं, ते पहिल्याच महिन्यात बर्फावर स्कीइंग करताना पाय मोडून घेऊन बसले. कंपनीने मला सांगितलं, "ते उभे राहीपर्यंत तेवढं सांभाळा." ते उभे राहिले, चालायला लागले, पुढच्या थंडीत पुन्हा स्कीइंगलाही गेले, पण कोर्टात काही आले नाहीत. मी सहा वर्षं तात्पुरती राहिले.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही योकोहामाला राहत होतो. नवरा बंदराजवळच्या एका कंपनीत, मुलगी पाळणाघरात. पुण्यात मी कॉम्प्युटरचं शिक्षण आणि जपानीच्या परीक्षा असं दोन्ही उरकलं होतं, त्यामुळे इथे नोकरी मिळायला त्रास झाला नाही. कोर्ट आमच्या घरापासून तासाभराच्या रेल्वेप्रवासावर, एका लहान शहरात होतं. दाव्यांच्या नोंदी आणि तारखांच्या नोटिसा कॉम्प्युटरवर आणायचं काम आमच्या कंपनीकडे आलं होतं. कोर्टाने तिसऱ्या मजल्यावर एक खोली दिली. माझ्या हाताखाली पाच जण, सगळे जपानी. ते मला 'रीदा' म्हणायचे, म्हणजे लीडर. पहिले काही दिवस मला ते इंग्रजी 'रीड' ऐकू यायचं आणि वाटायचं, ते मला काहीतरी वाचायला सांगताहेत.

खालच्या मजल्यावर दिवाणी विभाग होता आणि तिथे मुख्य लिपिक बसायचे. साठीला टेकलेले, सडपातळ, शर्टाच्या बाह्या शाईने मळू नयेत म्हणून कोपरापर्यंत काळे कापडी मोजे चढवलेले. माझे वडील साताऱ्याच्या कोर्टात शिरस्तेदार होते, तेव्हा या गृहस्थांना मनातल्या मनात मी शिरस्तेदारच म्हणायला लागले. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. प्रत्येक दाव्याच्या फाइलवर वादी-प्रतिवादींची नावं ते स्वतः लिहायचे. वकीलसुद्धा ती फाइल जरा जपून हातात धरायचे.

पहिल्याच बैठकीत त्यांनी मला अतिशय नम्रपणे विचारलं, "तुमचं यंत्र बंद पडलं तर मी हाताने लिहायचं ना?"

"हो, तेवढ्यापुरतं," मी म्हटलं.

"मग बंद पडेपर्यंत वाट कशाला पाहायची?"

माझी पाचही माणसं टेबलाकडे बघत बसली. पण न्यायाधीशांनी ठरवलेलं होतं, म्हणून यंत्र आलं. शिरस्तेदारांनी ते मान्य केलं, मात्र बोलताना नेहमी 'तुमचं यंत्र' म्हणायचे. कधी चुकूनही 'आपलं' नाही.

आमची खरी अडचण यंत्र बंद पडण्याची नव्हतीच. ते बिचारं चालत होतं. अडचण होती नावांची. जपानी माणसाचं आडनाव चित्रलिपीत लिहितात आणि जुन्या घराण्यांची काही अक्षरं इतकी दुर्मीळ असतात, की त्या वेळच्या कॉम्प्युटरमध्ये ती नसायचीच. अक्षर सापडलं नाही की छापताना त्या जागी दोन जाड आडव्या काळ्या पट्ट्या उमटायच्या. या खुणेला तिकडे 'गेता' म्हणतात. गेता म्हणजे जपानी लाकडी चप्पल, खाली दोन आडव्या पट्ट्या असलेली. चिखलात तिचा ठसा उमटावा तशी ती खूण दिसते. असं झालं की शिरस्तेदार पेनाने बाजूला अक्षर लिहून नोटीस रवाना करायचे. त्या दिवशी जिन्यात भेटले तर नमस्काराला जरा जास्त वाकायचे, आणि मला कळायचं की आज पुन्हा चप्पल उमटली आहे.

एकदा त्यांना सर्दी-तापाने दोन दिवस घरी राहावं लागलं आणि नेमकी एक नोटीस तशीच टपालात गेली.

चार दिवसांनी मला खालून फोन आला. गेले तर खिडकीपाशी एक आजी उभ्या होत्या. राखाडी किमोनो, हातात कापडी पिशवी. त्यांचं शहरात टोफूचं दुकान होतं आणि शेजाऱ्याशी कुंपणावरून दावा चालू होता. शिरस्तेदार त्यांच्यासमोर कमरेत वाकून उभे होते. मीही जाऊन वाकले. आजींनी नोटीस काउंटरवर ठेवली आणि आडनावाच्या जागी बोट टेकवलं.

"माझ्या नावावरून चप्पल घालून कोण चालत गेलं?"

मला हसू आलं. असं हसू आलं की दाबणं शक्यच नव्हतं. मी आणखी खाली वाकले, पण खांदे हलत होते. वर पाहिलं तर आजी माझ्याकडेच बघत होत्या.

"हसा," त्या म्हणाल्या. "मीही घरी हसलेच. पण माझा नवरा असता तर हसला नसता. दुकानाच्या पाटीवर त्याने हे अक्षर स्वतः रंगवलं होतं. मी इथे कुंपणाचं भांडण घेऊन आले होते. आता नावाचंही आणू का?"

मी माफी मागितली आणि म्हटलं, "आजी, मला ते अक्षर लिहून दाखवाल का? पुढची नोटीस बरोबर येईल."

हे शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपण शिरस्तेदारांसमोर वचन देऊन बसलो आहोत. आजींनी कागदावर अक्षर लिहिलं. एकोणीस रेघा. मी मोजल्या.

कॉम्प्युटरमध्ये नसलेलं अक्षर तयार करायची सोय होती, पण ती किचकट होती. पडद्यावर चोवीस आडवे आणि चोवीस उभे असे चौकोन यायचे. हवे ते चौकोन एकेक करून काळे करायचे. त्यातून अक्षर उभं राहायचं. सोपी अक्षरं जमून जायची. पण चोवीस चौकोनांच्या उंचीत आजींच्या अक्षराच्या आडव्या रेघाच इतक्या होत्या, की दोन रेघांमध्ये श्वास घ्यायला जागा उरेना. दुपारभर खपून मी एक अक्षर केलं, छापलं आणि खाली घेऊन गेले.

शिरस्तेदारांनी कागद उजेडात धरला. बराच वेळ पाहिलं.

"हे अक्षर आजारी आहे," ते म्हणाले.

"काय झालंय त्याला?"

"पोट सुजलंय. आणि उजवा पाय लुळा पडलाय."

मला रागही आला आणि पटलंही. मी म्हटलं, "मग वर येऊन तुम्हीच औषध सांगा."

ते येतील असं मला अजिबात वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते आपला डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर हजर झाले. आमची पाचही माणसं ताडकन उभी राहिली. शिरस्तेदारांनी हाताला चढवलेले काळे मोजे काढले, नीट घडी करून खिशात ठेवले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. माउसला मात्र हात लावला नाही. बोटाने पडद्यावर दाखवायचे आणि मी चौकोन काळे-पांढरे करायचे.

"ही रेघ काढून टाका."

"काढून टाकू? मग अठराच राहतील."

"दोन रेघा जवळ आल्या की डोळा तिसरी आपणहून धरतो. पेनाने लहान लिहिताना मीही तेच करतो. वाचणाऱ्याला एकोणीसच दिसतात."

मी रेघ काढली. खरंच, अक्षराला जरा मोकळं झाल्यासारखं वाटलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी आई रांगोळी शिकवताना म्हणायची, रेघेकडे बघू नकोस, मधल्या पांढऱ्या जागेकडे बघ."

"रांगोळी म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. मी एका कागदावर ठिपके मांडले आणि ते जोडून साधं कमळ काढून दाखवलं. त्यांनी तो कागद पडद्याशेजारी धरला, ठिपके बघितले, चौकोन बघितले.

"म्हणजे तुम्हाला हे काम येतं," ते म्हणाले. "मग काल असं का केलंत?"

पलीकडे आमच्यातली एक इंजिनिअर मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती. शिरस्तेदारही हसले. त्यांना हसताना आम्ही पहिल्यांदा पाहत होतो.

तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्या अक्षरावर बसलो. तिसऱ्या दिवशी शेवटची तिरकी रेघ काही केल्या मनासारखी येईना. मी एक चौकोन इकडे करायची, ते मान हलवायचे, मी तिकडे करायची. शेवटी त्यांनी म्हटलं, "जरा सरका," आणि माउस हातात घेतला. तो त्यांनी पेनासारखा वरून धरला होता. बाण पडद्यावर भलतीकडेच पळाला. पण त्यांनी तो परत आणला, हळूच एक चौकोन काळा केला, आणि रेघ बसली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते कानापर्यंत लाल झाले आणि डबा उचलून खाली निघून गेले.

नवी नोटीस टपालाने न पाठवता आम्ही आजींनाच बोलावून घेतलं. त्यांनी चष्मा लावला. कागद लांब धरला, मग जवळ आणला. शिरस्तेदार आणि मी काउंटरच्या आत परीक्षेच्या निकालाला उभे असल्यासारखे उभे होतो.

"हो," आजी म्हणाल्या. "ही मी." आणि मग अक्षरावर बोट टेकवून, "शेवटची रेघ आखूड आली आहे. पण माझा नवराही अशीच आखूड काढायचा. त्याला शेवटी शेवटी घाई व्हायची."

जाताना त्यांनी पिशवीतून टोफूची दोन पाकिटं काढली. कोर्टातल्या माणसांनी पक्षकारांकडून काही घ्यायचं नसतं, म्हणून शिरस्तेदारांनी ती अतिशय आदराने परत केली. आजी म्हणाल्या, "दावा संपला की बघते तुम्हाला."

ही गोष्ट गावात पसरली. दुर्मीळ आडनावांची माणसं आपणहून यायला लागली. कोणी जुनी कागदपत्रं आणायचं, कोणी थडग्यावरच्या अक्षराचा कागदावर घेतलेला ठसा. शिरस्तेदारांनी एक वही केली आणि त्यात प्रत्येक अक्षर सुबक लिहून ठेवलं. बारा वाजून चाळीस मिनिटांनी जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज आला की आमची माणसं त्यांची खुर्ची पुढे ओढून ठेवायची. मी घरीही चौकोनी कागदांवर सराव करत बसायचे. माझी चार वर्षांची मुलगी तिच्या जपानीत विचारायची, "आई, तू कोर्टात चित्रं काढतेस का?" मी मराठीत सांगायचे, "हो, आणि त्याचा पगार देतात." तिला तेव्हापासून कोर्टात नोकरी करायची होती.

एक फजिती मात्र झाली. आमच्या कोर्टाच्या डोंगरातल्या शाखेत एक साक्ष नोंदवायची होती, म्हणून आजींच्या दाव्याची माहिती फ्लॉपीवर भरून तिकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी तिथल्या कारकुनाचा फोन आला.

"रीदा, एक विचारू? या दाव्यातल्या वादी टेलिफोन आहेत का?"

आम्ही अक्षरं बनवून यंत्रात ज्या क्रमांकावर ठेवली होती, त्याच क्रमांकावर तिकडच्यांनी टेलिफोनचं छोटं चित्र ठेवलं होतं. त्यामुळे आजींच्या आडनावाच्या जागी त्यांच्या पडद्यावर टेलिफोन येत होता. चूक माझी होती. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. मी खाली जाऊन शिरस्तेदारांना सांगितलं. वाटलं, आता ते म्हणणार, तुमचं यंत्र.

ते उठले. सगळ्या अक्षरांची फ्लॉपी मागून घेतली, वहीसकट एका रेशमी रुमालात बांधली आणि म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीने मी जातो. आपली अक्षरं त्यांच्याकडे नीट बसवून येतो. तुम्ही तिथल्या माणसाला फोनवर सांगा, कुठलं बटण दाबायचं ते."

'आपली' हा शब्द मी ऐकला. त्यांनी तो मुद्दाम वापरला की नकळत, ते मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. पलीकडे ते कोणाला तरी सांगत होते, "नाही, नाही, चौकोनाकडे बघू नका, मधल्या पांढऱ्या जागेकडे बघा."

आजींचा दावा पुढे तडजोडीत मिटला. कुंपण वीतभर सरकलं. शेजाऱ्याने त्यांच्या दुकानातून टोफू घेणं बंद केलं होतं, ते पुन्हा सुरू केलं. निकालाचा कागद घ्यायला आजी आल्या तेव्हा त्यांनी पाकिटं आणली होती, आणि या वेळी ती घेण्यात कायद्याची काही आडकाठी आहे का, यावर शिरस्तेदारांनी वरच्या साहेबांशी बरीच चर्चा केली. आडकाठी आहे असंच ठरलं. मग आम्ही सहा जण आणि शिरस्तेदार जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या दुकानात गेलो आणि पैसे देऊन टोफू खाल्ला. किसलेलं आलं आणि सोया सॉस घालून, थंडगार. आजींनी प्रत्येकाच्या वाटीत एक तुकडा जास्त घातला. त्याला शिरस्तेदारांनी हरकत घेतली नाही.

दशक संपत आलं तेव्हा आमची ओसाकाला बदली झाली. शिरस्तेदार त्याआधीच निवृत्त झाले होते. पण घरी त्यांना करमेना, म्हणून ते त्याच कोर्टात तडजोडी घडवून आणणाऱ्या मंडळींत जाऊन बसायला लागले. माझ्या शेवटच्या आठवड्यात नवी यंत्रं आली. त्यांत कितीतरी जास्त अक्षरं होती. मी शिरस्तेदारांना वर बोलावलं आणि दाखवलं, आजींचं अक्षर आता आधीपासूनच आहे, कोणाला काढायला नको.

त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्याजवळ वाकून पाहिलं.

"आपलं जास्त चांगलं होतं," ते म्हणाले.

मी दोन्ही छापून शेजारी-शेजारी ठेवली. आमचं खरंच चांगलं होतं.